आबा रिकामा

झेलाबाईंना एका जागी उभं राहिलेलं मी फार थोडं पाहिलं. बोलता बोलता त्या सरकायच्या. तुम्ही पूर्वेला तोंड करून बोलायला लागलात, तर वाक्य संपेपर्यंत तुमचं तोंड दक्षिणेला आलेलं असायचं आणि मान अवघडलेली. चहा दिला तर पहिला घोट तुळशीपाशी, दुसरा गोठ्यापाशी, आणि रिकामा कप कुठं ठेवला ते आमची म्हातारी संध्याकाळपर्यंत हुडकत बसायची. "या बाईला बसवायचं तर दाव्यानं बांधावं लागंल," म्हणायची. आणि मग माझ्याकडं बघून, "आन् यांना उठवायला बैलजोडी."

ती म्हणते त्यात थोडं खरं आहे. शाळेच्या बाजूच्या लिंबाखाली माझी बाज असते. असते म्हणजे, कित्येक वर्षं तिथंच होती. बाजेच्या पायांनी जमिनीत खळगे पाडले होते, पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि कोंबड्या प्यायच्या. आलेल्या पाहुण्याला मी ते खळगे दाखवायचो. लोक पोराच्या नोकरीचं सांगतात, मी खळग्यांचं सांगायचो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मास्तरांनी वर्गात दुसऱ्या जागी बसायला सांगितलं म्हणून मी शाळा सोडली, असं म्हातारी गावभर सांगते. ते साफ खोटं आहे. मास्तरांनी नाही, हेडमास्तरांनी सांगितलं होतं. तरी या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ बराबर असेल, कारण ते माझ्या नातीनं, साक्षीनं, तपासलंय. कुठं चुकलं असेल तर ती जागा मी तिला बदलू दिली नसणार.

बाई मूळच्या पूर्णेच्या. वडील रेल्वेत, म्हणून रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेल्या. आमच्या गावच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून करारावर आल्या आणि सोबत एक पोतं भरून काठ्या घेऊन आल्या. प्रत्येक काठीच्या टोकाला जाळी. मी बाजेवरून विचारलं, "बाई, मासे धरायला चाललात काय? सिद्धेश्वरचं धरण तिकडं ऱ्हायलं."

"मासे न्हाई आबा, चेंडू धरायचाय. लॅक्रॉस."

"कशाचा रस?"

त्यांनी परत सांगितलं. मी परत तेच ऐकलं. तो शब्द माझ्या तोंडात आजही बसत नाही. आमच्याकडं आंबे उतरवायला टोकाला जाळी लावलेली लांब काठी असते, तिला झेला म्हणतात. या काठ्या त्याच घराण्यातल्या दिसत होत्या. मी त्यांना झेला म्हटलं, गावानं बाईंना झेलाबाई म्हटलं, आणि बाईंनी ते हसून घेतलं. पुढं त्या स्वतःच शाळेतल्या पोरींना ओरडून सांगायला लागल्या, "झेला वर! झेला झुलवा, पाळण्यातल्या लेकराला झुलवता तसा, म्हणजे चेंडू पडणार न्हाई!"

ही शहरातली काठी हलकी, ती टिकणार नाही, हे मला पाहताक्षणी कळलं. मी घरी वेळू तासून, तार वाकवून, जाड सुतळीची जाळी विणून एक झेला तयार केला. भारी मजबूत. या पोरींतच खेळणाऱ्या साक्षीनं त्यात चेंडू झेलला आणि तो आत जो बसला तो बसलाच. हलवला, आपटला, शेवटी जाळी विळ्यानं कापली. बाईंनी माझा झेला हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. "लई चांगला झालाय आबा. ज्या पोरीला चेंडू कुणाला द्यायचाच न्हाई, तिच्यासाठी ठेवू." मी मान डोलावली. त्या टोमणा मारून राहिल्या होत्या हे मला जेवताना कळलं.

आता मैदानाचं. शाळेच्या जुन्या मैदानावर खोल्या झाल्या, त्यामुळं पोरींना खेळायला जागा नव्हती. शाळेला लागून माझी मोकळी पट्टी आहे. हळद शिजवली की आम्ही तिथं वाळत घालतो. बाई विचारायला आल्या. मी दोन अटी घातल्या. हळदीला पाय लागला नाही पाहिजे, आणि माझी बाज हलणार नाही.

"बाज कशाला हलवायची?" बाई म्हणाल्या. "गोलच तुमच्या पुढं लावते."

या खेळात गोल मैदानाच्या अगदी टोकाला नसतो. जरा आत असतो, आणि त्याच्या मागंही जागा सोडतात. पोरी चेंडू घेऊन गोलच्या पाठीमागं जातात आणि तिथून पुढं उभ्या असलेल्या पोरीला देतात. मी म्हटलं, "हे काय? पाहुणे मागच्या दारानं?" बाई म्हणाल्या, "मागच्या दाराकडं कुणाचं ध्यान नसतं, आबा." तर त्या मागच्या दारात माझी बाज.

पोरी सगळ्या लेझीम शिकलेल्या. दर पंधरा ऑगस्टला शाळेची लेझीम निघते, आणि लेझमीत काय शिकवतात? आपली जागा सोडायची नाही. बाईंनी त्यांना गोलभोवती रिंगण करून उभं केलं, एकीला म्हणाल्या, "चेंडू दे आन् आत सूट." तिनं चेंडू दिला, दोन पावलं आत गेली आणि लेझमीच्या ठेक्यात दोन पावलं मागं येऊन बराबर आपल्या जागी उभी राहिली. दुसरीनंही तेच केलं. मग सगळ्यांनी. मी बाजेवरून टाळ्या वाजवल्या. इतकं सुरेख जमलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला.

त्यांचा सगळा डाव तीन शब्दांचा होता: "टाक, सूट, भर." चेंडू शेजारणीकडं टाकायचा. टाकणारीनं तिथं थांबायचं नाही, गोलकडं आत सुटायचं. तिची जागा ओस पडली की बाजूच्या पोरीनं सरकून ती भरायची. रिंगण तसंच राहतं, माणसं मात्र फिरत राहतात, आणि अडवणाऱ्यांना कळत नाही कुणाच्या मागं धावावं. जी उभी राहील तिला बाई "खांब" म्हणायच्या. "वैष्णवी, खांब झालीस! साक्षी, खांब! या मैदानात एकच खांब चालंल, आन् तो तिकडं बाजेवर बसलाय!"

पोरी खिदळायच्या. मीही हसायचो. खांबावर घर उभं असतं, असा अर्थ मी लावून घेतला होता.

मला हा डाव आपल्या मळणीसारखा वाटला, आणि वाटलं ते मी सांगितलं. "बाई, यात नवं काय हाय? खळ्यात बैल असेच गोल फिरायचे."

बाई सरकत सरकत बाजेपाशी आल्या. "आबा, बैल खांबाला बांधलेला असायचा. माझ्या पोरींना बांधायचं न्हाई, एवढंच नवं हाय."

मी उत्तर शोधत होतो तोवर त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या. त्यांच्याशी भांडायची हीच तकलीफ. उत्तर सुचेपर्यंत बाई जाग्यावर नसायच्या.

एका गोष्टीत मात्र त्याही जागा सोडत नव्हत्या. रोज सकाळी मैदानावर आल्या की म्हणायच्या, "जय भीम, आबा." मी म्हणायचो, "राम राम, बाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी रागावलं नाही, कुणी हटलं नाही. त्यांचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी. म्हातारी म्हणाली, "एकांदा शब्द तिचा घेतला तर जीभ झिजंल काय?" मी म्हटलं, माझ्या तोंडाला एवढ्या वर्षांची सवय आहे. बाजेच्या खळग्यांसारखं तोंडातही काही तरी पडलं असणार.

"आबा" हे जागेचं नाव कसं पडलं ते सांगतो. एकदा साक्षी चेंडू घेऊन कोपऱ्यात अडकली, दोघींनी तिला घेरलं. बाईंना सांगायचं होतं गोलच्या मागं पळ, पण घाईत ओरडल्या, "आबाकडं जा, आबाकडं!" साक्षी पळाली, सुटली. तेव्हापासून गोलच्या मागची ती जागा म्हणजे आबा. तिथं अडवायला कुणी नसलं की पोरी हाळी द्यायच्या, "आबा रिकामा! आबा रिकामा!"

सुरुवातीला मला वाटलं, अडचण आली की बाई पोरींना माझ्याकडं सल्ल्याला पाठवून राहिल्या. मी बाजेवर सावरून बसायचो, घसा खाकरायचो. बाजाराला गेलो तेव्हा जवळच्या गोरेगावच्या हाटेलात मी तसं सांगूनही आलो. त्या हाटेलवाल्याची पोरगी याच शाळेत शिकते हे मला माहीत नव्हतं. पुढच्या बाजाराला गेलो तर अख्ख्या हाटेलानं एका सुरात विचारलं, "काय आबा, रिकामे काय?"

मला राग आला तो "रिकामा" या शब्दाचा. मी काय रिकामा माणूस आहे? मी बसलेला असतो, पण रिकामा नसतो.

मग पहिली स्पर्धा आली. दुसऱ्या जिल्ह्याच्या गावी, मुक्कामाला जायचं. मी साक्षीला पाठवायला नकार दिला. आमच्या घरातली पोरगी लग्नाआधी परगावी मुक्कामाला राहिलेली नव्हती, आणि माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं: दहावी झाली की साक्षी घरात. तिच्या बापानं मान खाली घातली, कारण मी हयात असेपर्यंत घरात मान माझीच वर. साक्षी झेला भिंतीला टेकवून भाकरी थापायला बसली, आणि त्या संध्याकाळच्या भाकरी आम्हाला चावल्या नाहीत.

बाई आल्या. "आबा, तिला एकटीला नगा पाठवू. तुमीबी चला."

"मी कसा येणार? माझं इथं..."

"बाजेला कुणी उचलून न्हाई नेत," म्हातारी आतून म्हणाली.

गेलो. समोरची पोरं... पोरी म्हणतो, शहरातल्या मोठ्या शाळेच्या, एकसारख्या कपड्यातल्या. मी तारेच्या कुंपणापाशी बसलो. आमच्या पोरी खरंच चांगल्या फिरत होत्या. टाक, सूट, भर. डावाच्या भरात साक्षी कोपऱ्यात सापडली. दोन धिप्पाड पोरी तिच्या अंगावर. आणि आमची वैष्णवी जीव तोडून ओरडली, "साक्षे! आबा रिकामा! आबा रिकामा!"

परगाव, लेकरू अडचणीत, आणि माझं नाव. मी उठलो. कुंपण ओलांडलं, धोतर सावरलं, काठी घेतली आणि "आलो गं!" म्हणत थेट मैदानात शिरलो.

शिट्टी वाजली. खेळ थांबला. पंच धावत आले. ते हिंदी बोलणारे होते. "कौन हैं आप?"

"आबा."

"किसके?"

आता याला काय सांगणार? मी म्हटलं, "सबके." आमच्या पोरी हसून हसून खाली बसल्या; साक्षीनं तोंड जाळीत लपवलं. बाई पळत आल्या आणि पंचांना समजावू लागल्या, "सर, ये आबा हैं. और वो पीछेवाली जगह भी आबा है. उन्होंने जगह को बुलाया, ये आ गए." हे सगळं समोरच्या पोरींच्या कोचनं शांतपणे उभं राहून ऐकलं. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा गोलच्या मागं त्यांच्या दोन पोरी पहाऱ्याला उभ्या होत्या. आमच्या पोरींनी एवढे महिने राबून केलेला मागचा दरवाजा मी एका हाकेसरशी सगळ्यांना दाखवून आलो होतो.

मध्यंतरात मी बाईंना म्हटलं, "बोला मला. दोन शिव्या द्या."

"कशाला? तुमचं नाव आता सगळ्यांना माहीत झालं. ते कामाला लावते."

आणि खरंच लावलं. खेळ सुरू झाला तसं बाहेरून बाईच ओरडल्या, "आबा रिकामा!" समोरच्या पोरी गोलच्या मागं धावल्या, गोलच्या पुढं अंगण झाडल्यासारखी जागा झाली, साक्षी मधून सुटली आणि गोल. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला त्या शहाण्या झाल्या, कुणी हललं नाही, आणि शेवटी सामना आम्ही हरलो. परत येताना गाडीत मी सगळ्यांना समजावून सांगितलं की मैदानात शिरणं हा माझा मुद्दाम केलेला डाव होता. बाई म्हणाल्या, "व्हय व्हय, आबांनी पैलेच सांगितलं होतं मला." पुढच्या बाजारी हाटेलात मी बाईंचीच साक्ष काढली.

पण त्या हरलेल्या सामन्यात साक्षीला खेळाडू निवडणाऱ्या लोकांनी पाहिलं. दहावीनंतर तिला क्रीडा वसतिगृहात घ्यायला तयार होते. राहणं, कॉलेज, खेळ, सगळं तिथंच. दूरच्या शहरात. मी म्हटलं, न्हाई. एकदा सोबत गेलो म्हणजे दर वेळी गाडी सुटणार असं न्हाई. काहून? मी म्हटलं म्हणून.

हळदीचे दिवस होते. मैदानभर हळद वाळत घातलेली, पोरी ढिगांना वळसे घालून पळायच्या. दुपारी मी हळद हलवायला उठलो, विहिरीवर जाऊन पाणी प्यालो, परत येऊन बघतो तर माझ्या बाजेवर झेलाबाई बसलेल्या. मांडी घालून. मधोमध.

"उठा बाई. माझी जागा हाय."

"भरली."

"काय भरली?"

"तुमी सुटलात, मी भरली. डाव असाच असतो, आबा. आता तुमाला पुढची जागा बघावी लागंल."

"कवर बसणार?"

"तुमी साक्षीला पाठवंस्तोवर. खांब व्हायला मलाबी येतं."

मला हसू आलं. ही बाई, जिनं आमच्या घरी कधी अख्खा कप चहा एका जागी प्यायला नाही, ती माझ्याशी बसण्याची पैज लावून राहिली होती. मी म्हटलं, बसा. आणि बाजूच्या दगडावर टेकलो. दगड तापलेला. उठून विहिरीच्या कठड्यावर गेलो, तिथं मुंगळे. शाळेच्या ओट्यावर गेलो. तिथं ऊन सरकून आलं. म्हातारी दारातून ओरडली, "आज काहून फिरून राहिलात हो? हरवलं काय?" बाई बाजेवरच. मी हळदीला वळसा घालत माझ्याच रानात पाहुण्यासारखा हिंडत होतो.

हिंडता हिंडता मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचलो, गोलच्या समोर. तिथून मी कधी पाहिलंच नव्हतं. बाजेवरून दिसायची ती गोलची पाठीमागची जाळी आणि जाळीपलीकडं पळापळ. माझ्या मागच्या दारात साक्षी यायची तीही माझ्याकडं पाठ करून. तोंड तिचं खेळाकडं. आता ती समोर होती. शाळेच्या भिंतीवर एकटीच चेंडू मारत होती. मारायची, सरकायची, झेलायची, सरकायची. पायाला हळद लागलेली, आणि तोंड असं उजळलेलं की मी ओळखायला जरा वेळ घेतला. घरात हे तोंड मी पाहिलं नव्हतं. एवढे दिवस ती माझ्या डोळ्यांपुढं खेळत होती, आणि मला दिसत होती ती पाठ.

मी चालत बाजेपाशी गेलो. "जाऊ द्या तिला."

बाई एका झटक्यात उठल्या आणि कमरेला हात लावून वाकल्या. "आईगं! आबा, पाठ गेली माझी. अजून थोडं ताणलं असतं तर मीच हरले असते."

हे त्यांनी सांगायला नको होतं. कितीतरी रात्री मी या विचारानं तळमळलो, की जरा दम धरला असता तर जिंकलो होतो. मग साक्षीचं तोंड आठवायचं आणि झोप लागायची.

साक्षी गेली. त्याच उन्हाळ्यात बाईंचा करारही संपला आणि त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात काम मिळालं. काठ्यांचं पोतं त्यांनी शाळेला ठेवलं. सेनगावची जीप भरायची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. म्हणजे मी उभा होतो, बाई जीपभोवती फिरत होत्या. चालक वैतागून म्हणाला, "ताई, बसा ना आता." त्या बसल्या. जीप सुरू झाली, त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "राम राम, आबा!"

नेमक्या त्याच वेळी माझ्या तोंडून गेलं, "जय भीम, बाई!"

कितीतरी सकाळी एकमेकांसमोर धरून ठेवलेली जागा दोघांनी एकदम सोडली होती, आणि एकमेकांची भरली होती. बाई हसत होत्या हे मला दिसलं. मी हसत होतो का ते जीपच्या धुळीमुळं मला सांगता येत नाही.

बाज मी त्यानंतर पलीकडं नेली, गोलच्या समोर. लिंबाखालचे खळगे तसेच आहेत. आता खेळाच्या बाई नाहीत, पण मोठ्या पोरी लहानींना शिकवतात, आणि साक्षी सुट्टीत आली की खांब झालेल्यांना ओरडते, अगदी बाईंच्या आवाजात. मागची जागा अजून आबाच आहे. नव्या पोरींना वाटतं, जुन्या काळी कुणी आबा तिथं होऊन गेला असेल.

"आबा रिकामा! आबा रिकामा!" अशी हाळी आली की मी अजून बाजेवरून अर्धा उठतो. म्हातारी दारातून म्हणते, "बसा. तुमाला न्हाई बोलावलं."

मी बसतो. पण त्याच जागी न्हाई, जरा सरकून.